ऐकायलीस का गं?

माईक हातात आला की मावशी आधी दोन बोटांनी त्याच्यावर टिचक्या मारायचे. मग तोंड अगदी जवळ नेऊन, शेजारच्या खोलीत कुणी निजलेलं असावं इतक्या हळू विचारायचे, "ऐकायलीस का गं?" एवढं विचारून कान माईकला लावायचा, डोळे मिटायचे आणि थांबायचं. मंडपातले लोकही श्वास धरून थांबायचे. मग मावशी मान वर करून सुटकेचा सुस्कारा टाकायचे. "न्हाई ऐकायली. चला, आता बोलायला हरकत न्हाई."

निम्मा मंडप इथंच हसून लोळायचा. यापुढचं सगळं बायकोच्या नावानं असणार हे लोकांना पाठ होतं. तिचं लाटणं, तिचा आवाज, त्या आवाजानं आटलेली शेजाऱ्याची म्हैस. आपल्या भागात चाळिशी उलटलेल्या माणसाला विचारा, तो या म्हशीची हकिकत सांगेल आणि सांगता सांगता स्वतःच हसेल.

मावशी म्हणजे बाप्या माणूस, हे आधी सांगायला हवं होतं. तरुणपणी ते सोनपेठकडच्या एका तमाशाच्या फडात सोंगाड्या होते, आणि गवळणींबरोबर बाजाराला निघालेल्या मावशीचं सोंगही त्यांच्याकडेच असायचं. पुढे फड मोडला, लुगडं सुटलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मिशी ठेवून पाहिली, तरी उपयोग झाला नाही. ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा भर चावडीत "मावशी, इथं अंगठा न्हाई, सही करा" म्हणायचा आणि मावशी मिशीवरून हात फिरवत सही करायचे.

माझं ताडकळसला मंडप आणि साउंडचं दुकान आहे. तुम्ही माणसाला समोरून पाहता. आम्ही मशीनशेजारी बसणारे लोक, आम्हाला तो बाजूनं दिसतो. बाजूनं कुठलाच विनोदी माणूस फारसा विनोदी दिसत नाही. मावशींच्या मानेवरून ओघळणारा घाम, पाठीमागे मूठ आवळून धरलेला डावा हात, हशा चालू असताना घाईनं गिळलेली थुंकी, हे सगळं मी पाहत आलो. कार्यक्रम संपला की ते मंडपामागे माझ्या वायरच्या पेटीवर येऊन बसायचे, चपला काढायचे, पोटऱ्या दाबायचे आणि मला विचारायचे, "झालं का?" जणू काही दुसरंच कुणी बोलत होतं आणि हे नुसते वाट पाहत होते.

फड मोडल्यावर ते ऑर्केस्ट्रात गेले. ऑर्केस्ट्राही बसला, तेव्हा लग्नांत आले. लग्नातलं त्यांचं काम तुम्ही पाहिलेलं असणार, फक्त त्याला काम म्हणतात हे तुमच्या ध्यानात आलं नसेल. पत्रिकेतला मुहूर्त कधीच टळलेला असतो. नवरी बोहल्याच्या मागे घामानं भिजत असते. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर अडकलेला, कारण पुढे त्याचे दोस्त नाचायचे थांबत नाहीत. मंडपात लोकांच्या मुठीतल्या अक्षता ओल्या झालेल्या, येतील त्या पुढाऱ्यांचे सत्कार करून झालेले, आणि मागून भाजीचा वास यायला लागलेला. अशा वेळी अक्षता पडायच्या आधी लोक पंगतीकडे उठले, तर नवरीच्या बापाची चारचौघांत मान खाली जाते. म्हणून मग कुणीतरी मावशींच्या हातात माईक द्यायचं. लग्नात वाजवणारे असतात, वाढणारे असतात, तसे मावशी थोपवणारे होते. नवरदेव येईपर्यंत लोकांना जागेवर बसवून ठेवायचं, बस्स. त्यांनी कधी मंडप उठू दिला नाही.

आता त्या बायकोबद्दल.

ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, शेजारची कुणी असेल. बारीक अंगाची, सावळी, दारात गोधडी शिवत बसलेली. "मावशी हायेत का?" म्हणून विचारलं तर तिनं ओठ हलवले. काय म्हणाली ते मला दोनदा विचारूनही कळलं नाही. तिच्याशी बोलायचं तर जवळची चूल विझवावी लागेल, इतका तिचा आवाज लहान. आतून मावशी भांडी घासत घासत ओरडले, "या या! ती म्हणायली, बसा." घरात भांडी मावशीच घासायचे. लाटणं त्या घरात होतं, पण त्यानं पोळ्या लाटण्याखेरीज दुसरं काही झालं असेल असं मला वाटत नाही.

त्यांच्या मुलीच्या सोयरिकीची गोष्ट मावशी स्टेजवर कधी सांगत नसत, म्हणून मी सांगतो. जिंतूरहून पाव्हणे आले होते. कापूस-सोयाबीनवाले, बरं घर. मुलाच्या चुलत्यानं म्हणे आधीच बजावलं होतं की पोरगी चांगली आहे, पण आई जहाल आहे, सगळा जिल्हा जाणतो. पोरगी आईवर गेली असेल तर? म्हणून आईला पाहूनच सोयरीक ठरवायची असं घरून ठरवून आले होते. मावशींच्या बायकोनं चहा आणून दिला, कपबशा उचलून नेल्या, सुपारी ठेवली. बऱ्याच वेळानं चुलता घसा खाकरून म्हणाला, "समदं झालं. पण पोरीची माय कुठं हाय? त्यायलाबी बोलवा की."

मावशी म्हणाले, "आत्ता चहा दिला ती कोण होती मग?"

पाव्हण्यांना खरं वाटेना. शेवटी शेजाऱ्यांना बोलावून साक्ष काढावी लागली. सोयरीक जमली, पण पोरगी त्या दिवसापासून बापावर धुमसत होती. सासरी ती "लाटणंवालीची पोरगी" झाली. भाकरी जळली तरी "आता काय लाटणं काढतीस का?" म्हणायचे. थट्टाच ती, पण रोजची थट्टा अंगाला लागते.

पाव्हणे गेल्यावर बायको मावशींना एवढंच म्हणाली होती, "माझ्या हातातलं लाटणं जरा हलकं करा आता." हे मला मावशींनीच सांगितलं. सांगताना हसले नाहीत. पण लाटणं काही हलकं झालं नाही. लोकांना तेच हवं असायचं. दुसरं काही काढलं की मागून आवाज यायचा, "मावशी, म्हैस घ्या, म्हैस!"

एकदा दुपारी मावशी दुकानात बसले होते. लग्नसराई संपत आली होती, काम नव्हतं. डीजे आल्यापासून तसंही बोलणारा माणूस कुणाला फारसा लागत नव्हता. पोरं मोबाइलवर त्यांचा एवढासा तुकडा काढून न्यायची आणि तोच फिरवत बसायची. मी एक जुना भोंगा पुसत होतो. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, त्याच्या तोंडात पाहिलं आणि म्हणाले, "ती थट्टा नव्हती बरं का आधी."

"कोणती?"

"ऐकायलीस का गं. ते खरंच इचारायचो मी तिला."

मग त्यांनी सांगितलं. फडात असताना असा एकच भोंगा होता, जत्रेत लिंबाच्या झाडाला बांधायचे. मशीन जुनं, आवाज कधी यायचा, कधी बसायचा. शेवटच्या माणसाला ऐकू जातंय की नाही हे पुढं कळायचं नाही. तेव्हा नवीन लग्न झालेली ही बायको फडाबरोबर यायची आणि कनातीच्या शेवटच्या खांबापाशी उभी राहायची. मावशी माईकवर टिचकी मारून विचारायचे, "ऐकायलीस का गं?" ऐकू आलं की ती हात वर करायची. वर म्हणजे खांद्यापर्यंतच. त्याच्यावर न्यायची तिला लाज वाटायची. तेवढा हात दिसला की मावशी सुरू करायचे.

"एकदा काय झालं, लोक त्याच्यालाच हसले," मावशी म्हणाले. "मालक म्हणला, हे ठिवा, लय भारी हाय. मग दुसऱ्या दिशी म्या ते पुढलं जोडलं. न्हाई ऐकायली, आता बोलायला हरकत न्हाई. असा हशा आला, असा हशा आला की काय सांगू."

"मग?"

"मग काय. तिनं हात वर करायचा बंद केला."

मला पटकन कळलं नाही. मावशींनी भोंगा खाली ठेवला. "तिनं हात वर केला असता तर इनोद पडला असता ना. ऐकायली न्हाई म्हणल्यावरच हसत्यात लोक. ती आपली खाली हात धरून उभी राहायची. पुढं पुढं यायचीच बंद झाली."

मी भोंगा उचलून पुन्हा पुसायला घेतला. आम्ही लोकांनी त्या वाक्यावर इतकी वर्षं पोट धरून हसून घेतलं होतं.

बायको गेली ती थंडीत, चार दिवसांच्या तापानं. मुलगी जिंतूरहून आली. नदीकाठच्या दहाव्याला हल्ली माईक लागतोच, श्रद्धांजलीची भाषणं असतात. माईक माझाच होता. आदल्या दिवशी मी विचारायला गेलो तेव्हा ओसरीत बापलेक बसले होते. मुलगी मला म्हणाली, "दादा, बाबायला सांगा. माय गेली, पण लोकायच्या मनातली ती दुसरी बाई अजून जित्ती हाय. ती बाई मारा म्हणावं आता."

मावशी जमिनीकडे पाहत म्हणाले, "सांगतो म्हणलं ना. उद्या सरळ बोलणार हाय मी. माईक दे बाबा मला, दोनच शब्द. थट्टा न्हाई."

दहाव्याला माणसं खूप आली. मावशींची बायको गेली म्हणून आली. सरपंच बोलले, एक निवृत्त गुरुजी बोलले, आणखी दोघे बोलले. सगळ्यांच्या बोलण्यात तीच ती. बाई स्वभावानं कडक होत्या, पण संसार धाकात ठेवला. मावशींसारख्या माणसाला सांभाळायचं म्हणजे अशीच बाई पाहिजे. गुरुजींनी तर लाटण्याचाही ओझरता उल्लेख केला, आदरानं. मुलगी बायकांमध्ये मान खाली घालून बसली होती. ती हळूहळू पदर चुरगळत होती.

मग माईक मावशींच्या हातात गेला.

त्यांनी काय बोलायचं ते ठरवलं होतं, हे मला माहीत आहे. पण हातानं काही ठरवलेलं नव्हतं. दोन बोटं आपोआप वर गेली आणि माईकवर टिचक्या पडल्या. "ऐकायलीस का गं?" शब्द निघून गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली. लोकांत कुठंतरी फसकन हसू फुटलं, कुणी तोंडावर उपरणं धरलं. मावशींनी कान माईकला लावला. खरंच लावला. किती तरी वेळ ते तसेच उभे होते. नदीवरचा वारा माईकमध्ये शिरून भोंग्यातून घरघरत होता. मग ते म्हणाले, "न्हाई ऐकायली."

त्यांचा आवाज चिरला होता. मी मशीनपाशी होतो, मला कळलं. लोकांना तो नेहमीपेक्षा सरस वाटला. हशा उसळला. दहाव्याला हसू नये म्हणून दाबलेलं हसू जास्तच जोरात येतं. आणि इतका हशा समोरून आल्यावर मावशींचा चेहरा त्यांच्या हातात राहिला नाही. भुवया वर गेल्या, सुस्कारा निघाला. "चला. आता बोलायला हरकत न्हाई."

त्यापुढे ते बोलूच शकले नाहीत. त्याचंही लोक हसले. मुलगी उठली, पाणीसुद्धा न घेता नवऱ्याला घेऊन मोटारसायकलवर बसून निघून गेली. मावशी माझ्या पेटीवर येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी "झालं का?" विचारलं नाही.

नंतर त्यांनी काम घेतलं नाही. बाजाराच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर बसलेले दिसायचे. लोक ओळखायचे, लांबून "ऐकायलीस का गं?" ओरडायचे, मावशी हात करायचे. मुलगी फोन उचलत नव्हती. मला म्हणाले होते, "पोरगी खरी हाय. म्या तिच्या मायला दोनदा मारलं." मी त्यांना चहा पाजला.

उन्हाळ्यात मुलीच्या दिराचं लग्न निघालं, जिंतूरलाच. मंडप-साउंड मला सांगितलं होतं. मावशींना सोयरे म्हणून रीतीचं बोलावणं होतं. ते आले, धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, आणि पाव्हण्यासारखे मधल्या ओळीत बसले. मुलगी पंगतीच्या बाजूला वाढप्यांना सांगत फिरत होती. बापाकडे तिनं पाहिलं नाही.

मुहूर्त टळला. नवरदेव मारुतीपाशी अडकला. ऊन असं की मंडपाचं कापड तापून वास यायला लागला. लोकांची चुळबुळ सुरू झाली, दोन-चार जण उठलेही. नवरीचा बाप मला म्हणाला, "गाणं तरी लावा हो काहीतरी." तेवढ्यात तोच तो सोयरिकीचा चुलता उभा राहून म्हणाला, "गाणं कशाला? मावशी हायेत की घरचे!" झालं. चारी बाजूंनी "मावशी, मावशी" सुरू झालं. मावशी नको नको म्हणत होते, पण त्यांना हात धरून वर आणलं.

मी माईक दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, एखादं पिल्लू धरावं तसा, बोटं मोकळी राहू नयेत म्हणून. टिचकी मारली नाही. पुढून कुणीतरी त्यांच्या वतीनं ओरडलं, "ऐकायलीस का गं?" आणि लोक हसले.

मावशी म्हणाले, "ती ऐकायची."

लोक आणखी हसले. मावशी थांबले, हसू संपू दिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. लिंबाला बांधलेला भोंगा, शेवटचा खांब, खांद्यापर्यंतचा हात. आवाज चढवला नाही, चेहरा केला नाही. "म्या खोटं बोलत आलो," ते म्हणाले. "तिनं जल्मात कुणाला वर तोंड करून उत्तर दिलं न्हाई. म्हैस आमच्या शेजारी कुणाची नव्हतीच. तुमी हसावं म्हणून ती गप राहिली. माझी पोरगी तिच्यावरच गेलीय. एवढंच सांगायचं होतं." मध्ये दोनदा कुणीतरी हसायचा प्रयत्न केला, पण ते हसू अर्धवटच राहिलं. लोक वाट पाहत होते की यातून आता लाटणं निघेल. ते निघत नाही म्हटल्यावर एकेक जण उठायला लागला. मागच्या ओळी आधी गेल्या, मग मधल्या. नवरदेव येण्याआधी अर्धा मंडप पंगतीत बसला होता. नवरीच्या बापाची मान खाली गेली, याचं मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, फार नाही वाटलं.

मुलगी पंगतीकडून मंडपाच्या तोंडापर्यंत आली होती. हातात वाढायचा डाव तसाच. वरण त्यावरून तिच्या साडीवर गळत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

मावशी खाली उतरून माझ्या पेटीवर येऊन बसले. चपला काढल्या.

"पडला," ते म्हणाले.

"काय?"

"कार्यक्रम. पार पडला." आणि ते हसले. या बोलण्याचे आपल्याकडे दोन्ही अर्थ होतात. त्यांना कुठला म्हणायचा होता, ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात मुलगी ताट घेऊन आली. "बाबा, उन्हाचं बसू नका. जेवून घ्या." एवढंच बोलली आणि गेली. मावशींनी जेवताना मान वर केली नाही. पोळीचा तुकडा वरणात बुडवून तसाच धरून बसले होते.

त्यानंतर पावसाळा लागला आणि पावसाळ्यातच मावशी गेले. जिंतूरला, मुलीकडे. शेवटचे काही दिवस ती त्यांना घेऊन गेली होती. दहावा मात्र आपल्या नदीवर झाला. माईक अर्थात माझाच.

भाषणं सुरू व्हायच्या आधी माईक तपासावा लागतो. मी वायर जोडली, उभा राहिलो आणि सवयीनं दोन बोटांनी टिचकी मारली. टक, टक. समोरची सगळी माणसं एकदम गप्प झाली. काहींचे ओठ हसायच्या बेतात आले होते. एवढी माणसं माझ्याकडे पाहत होती आणि मला साधं "हॅलो" म्हणायचं सुधरेना. तेव्हा मी मंडपाच्या शेवटच्या खांबाकडे पाहिलं. तिथं मावशींची मुलगी उभी होती. तिनं हात वर केला, खांद्यापर्यंत.

आवाज पोहोचत होता.